पदर उलटून बघा : संभाजीनगर ते तेर, जुन्या कापडांतली आजची बाई रंगवण्यासाठी

जुनी साडी किंवा शाल ल्यायलेल्या आजच्या बाईचं तैलरंगात चित्र करायचं, त्याआधी हा चार दिवसांचा प्रवास. निघायचं ते भाद्रपदात, महालक्ष्म्यांचे तीन दिवस आटोपले की. एरवी ट्रंकेच्या तळाशी मलमलीत गुंडाळलेल्या जुन्या पैठण्या मराठवाड्यात याच सणाला बाहेर येतात, ज्येष्ठा-कनिष्ठेला नेसवल्या जातात आणि पुन्हा घडी पडण्याआधी दोन-चार दिवस हवेवर असतात. ओळखीच्या घरात बघायला मागितल्या तर या दिवसांत सहसा नाही म्हणत नाहीत. दुसरं कारण उजेडाचं. ढगाळ आभाळाखाली जरीवर एकच टणक चमक पडत नाही, तिचे मधले रंग दिसतात. तिसरं कारण बीड जिल्ह्यातले बंजाऱ्यांचे तांडे. दिवाळीनंतर ते ऊसतोडीला गेलेले असतात आणि घरी असतात फक्त म्हातारी माणसं. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ बंद, म्हणून बुधवारी सुरुवात केलेली बरी.

सामान थोडंच लागतं. ए-५ वही, २बी आणि ६बी पेन्सिल, दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग, मोजपट्टी, राखाडी रंगाचं एक पोस्टकार्ड (फोटोतला पांढरा रंग नंतर जुळवायला) आणि लहान जलरंगांची डबी. तैलरंग आणि कॅनव्हास मुक्कामावरच ठेवा.

बुधवार : छत्रपती संभाजीनगर

सकाळ हिमरूला, म्हणजे इथल्या सूत-रेशमाच्या नक्षीदार कापडाला द्यावी. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या विणकरांनी ही कला इथं रुजवली असं मानतात. ताणा (लांबीचे धागे) सुती, नक्षीचा जादा बाणा (रुंदीचे धागे) रेशमी, आणि हल्ली बऱ्याचदा कृत्रिम रेशमाचा. हातमाग आता मोजके उरलेत आणि हिमरू म्हणून विकल्या जाणाऱ्या शालींत यंत्रमागाचा माल पुष्कळ आहे. आपल्याला रंगवायचंच आहे, त्यामुळे यंत्रमागाची शाल चालेल. मात्र ती कशी विणली आहे ते कळलं पाहिजे.

दुकानदार शाल समोरून पसरतो. ती उलटी करायला सांगा. मागच्या बाजूला नक्षीचे धागे एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत मोकळे लोंबताना दिसतील. भिंगातून बघितलं तर पुढचं फूल म्हणजे सुती जमिनीवरून उड्या मारत गेलेला धागा आहे हे लक्षात येतं. जमीन, म्हणजे नक्षीमागचं कापड, मॅट आणि फूल तुकतुकीत, असा फरक त्यामुळेच पडतो. चित्रात हा फरक रंग बदलून दाखवायला गेलात तर शाल छापील दिसते. जमिनीच्या रंगात माध्यम (रंगात मिसळायचं तेल) कमी आणि टर्पेंटाइन जास्त ठेवा, फुलांच्या रंगात जवस तेलाचा थेंब वाढवा. रंग एकच राहिला तरी उजेडात फरक उमटतो. शालीचा कोपरा वळलेला दाखवायचा असेल तर मागचे लोंबते धागेही दाखवावे लागतात. हौशी चित्रांत वळलेल्या कोपऱ्यावर पुढचीच नक्षी आरशातल्यासारखी उलटी काढलेली असते. पैठणीला ते चालतं. हिमरूला चालत नाही.

मशरू हे पट्ट्यांचं कापड मिळालं तर हातभर तुकडा विकत घ्याच. त्याची वीण साटिनची, वर रेशीम आणि अंगाकडच्या बाजूला सूत. पट्टे ताण्याच्या दिशेनं जातात. पट्टा रंगवताना त्याच्या कडा कुंचल्यानं कोरू नयेत, कारण रेशमाचे धागे शेजारच्या पट्ट्यावर किंचित सरकलेले असतात. ओल्यात ओला रंग लावून सपाट, कोरड्या कुंचल्यानं पट्ट्याच्या लांबीनं एकदाच हात फिरवायचा.

दुपारी बीबी का मकबरा. कापडाच्या प्रवासात मकबरा कशाला, असं वाटेल. तिथं लेस दगडात आहे. औरंगजेबाची बायको दिलरस बानू बेगम हिच्या थडग्याभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोन आहे, वरच्या सज्जातून तो खाली दिसतो. लेस रंगवायचा सराव करायला मराठवाड्यात याहून चांगली जागा नाही, कारण ही जाळी वाऱ्यानं हलत नाही.

लेस युरोपातली. व्हेनिसची सुईनं विणलेली, फ्लँडर्सची बॉबिनवरची, म्हणजे लहान रिळांवरच्या धाग्यांची. १७व्या शतकातल्या डच व्यक्तिचित्रांतल्या लेसच्या कॉलरी बघून लोकांना वाटतं की चित्रकारानं एकेक धागा काढला असेल. रेम्ब्रांटनं काही चित्रांत नेमकं उलट केलं: आधी पांढऱ्याचा सलग थर, मग त्यावर काळ्यानं भोकं. मकबऱ्यात हे लगेच करून बघता येतं. वहीच्या पानाला पेन्सिलीनं हलका करडा रंग द्या, त्यावर जाळीची बाह्यरेषा तेवढी काढा आणि फक्त भोकं गडद करा. दगडाच्या पट्ट्या आपोआप तयार होतात. पट्ट्या काढत बसलं की जाळी तारेच्या कुंपणासारखी दिसते.

सावलीचं एक गणित इथंच पक्कं करून घ्यावं. सूर्य आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून जाळीपासून एक मीटर अंतरावर सावलीची कड सुमारे ९ मिलिमीटर विस्कटते. चेहऱ्यापासून दोन सेंटिमीटरवर असलेल्या लेसच्या ओढणीची सावली गालावर टोकदार पडेल. तीच लेस खिडकीला पडदा म्हणून लावली आणि बाई मीटरभर मागे बसली, तर बारीक भोकांची नक्षी नाहीशी होऊन नुसता करडा डाग राहील. गालावर लेसची रेखीव सावली आणि पडदा मात्र लांब खिडकीला, असं चित्र बघितलं की काहीतरी खोटं वाटतं. ते खोटं इथलंच असतं.

गुरुवार : अजिंठा

शहरापासून अंतर साधारण शंभर किलोमीटर, म्हणून सकाळी लवकर निघावं. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून तिथल्या बसनं लेण्यांपर्यंत जावं लागतं. फ्लॅशला बंदी आहे. आत दिवे मंद, डोळे सरावायला दहा मिनिटं सहज जातात आणि गर्दी असेल तर तेवढा वेळही आत थांबू देत नाहीत. म्हणून क्रम ठरवून जा: आधी १७ क्रमांकाचं लेणं, मग १, शेवटी २ आणि १६. बहुतेक लोक १ पासून सुरुवात करतात, त्यामुळे सकाळी १७ थोडी मोकळी मिळते.

१७ मध्ये हातात आरसा घेऊन शृंगार करणारी राजकन्या आहे. तिच्या अंगावर वस्त्र आहे की नाही हे पहिल्या नजरेत कळतच नाही. कापड अतिशय तलम दाखवलंय, आणि ते दाखवलंय फक्त काठाच्या रेषेनं. कापडाच्या पोताचा मागमूस नाही. तलम ओढणी रंगवणाऱ्यानं हे समजून घ्यावं: पारदर्शक कापड असतं ते त्याच्या कडांवर आणि जिथं ते दुहेरी होतं तिथं. मधल्या भागात फक्त त्वचा असते, किंचित निवलेली.

पट्टे हा अजिंठ्याचा दुसरा धडा. कमरेखालच्या वस्त्रांवर आडवे पट्टे आहेत, काहींत इकतसारखी तुटक कडेची नक्षी, काहींत हंस. मांडी पुढे आली की पट्टा फुगतो, गुडघ्यामागे दबतो. छायाप्रकाश जेमतेम असूनही मांडी गोल वाटते ती या पट्ट्यांमुळे. वहीत संपूर्ण आकृती काढायच्या भानगडीत पडू नका. एका गुडघ्यावरचे पाच पट्टे घ्या आणि प्रत्येक पट्टा कुठे सर्वांत रुंद आहे तेवढी खूण करा.

१ मध्ये पद्मपाणीजवळची (हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाजवळची) सावळी राजकन्या बघा. तिच्या त्वचेवर आणि दागिन्यांवर चित्रकारानं जेवढा जीव ओतलाय, तेवढा शेजारच्या गोऱ्या आकृतींवरही ओतलेला नाही. व्यक्तिचित्रात बाईला दोन छटा उजळ करून देण्याची आपल्याकडची सवय फार जुनी नसावी. निदान या भिंतीवर तरी ती दिसत नाही. आणि सावळ्या त्वचेशेजारी जरी किती खुलते, हे एकदा बघितलं की उजळवण्याचा मोह आपोआप जातो.

रंग मोजके आहेत: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि बाहेरून आलेला लाजवर्द (निळ्या खड्याची पूड). भिंतीवर माती, भुसा आणि तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर रंग. युरोपी फ्रेस्कोसारखं ओल्या चुन्यातलं हे काम नाही. घरी याच सहा रंगांत एक अभ्यासचित्र करून बघावं. यलो ऑकर, इंडियन रेड, टेर व्हर्ट, आयव्हरी ब्लॅक, टायटॅनियम व्हाइट आणि चिमूटभर अल्ट्रामरीन एवढ्यावर भागतं.

१८४४ पासून रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं इथल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या ग्रिफिथ्सनं केलेल्या नकलांतल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत जळाल्या. तेव्हा वस्त्रांची नक्षी बघायला अस्सल भिंतीच बऱ्या.

शुक्रवार : पैठण

शहरातून पन्नासेक किलोमीटर. आख्खा दिवस मागाजवळ काढा, बागेत नंतर जाता येईल. सरकारी विणकाम केंद्रात माग चालू बघायला मिळतात, गावातही घरगुती माग आहेत. विणकाम चालू असताना धाग्याला हात लावू नये. बघायची जागा म्हणजे विणकराचा डावा खांदा.

पदराची नक्षी धोट्यानं होत नाही. प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली (धागा गुंडाळलेली बारीक काडी) असते. मोराच्या गळ्याचा निळा धागा गळ्याच्या कडेपर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो. शेजारची जरी तिच्या बाजूनं तिथपर्यंत येते, दोघांची गुंतवण होते आणि जरी मागे वळते. म्हणून पैठणीची मागची बाजू पुढच्यासारखीच असते, एकही धागा लोंबत नाही. बाजारात निम्म्या भावात मिळणाऱ्या जकार्डच्या (नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या मागाच्या) पदराची पाठ बघितली की कापलेले किंवा लांबवर पसरलेले धागे लगेच दिसतात.

चित्रकारासाठी यातून तीन गोष्टी निघतात.

एक, नक्षीची वळणं पायऱ्यापायऱ्यांची असतात. ताण्याचे धागे मोजून वळावं लागतं, त्यामुळे असावलीच्या (फुलवेलीच्या नक्षीच्या) पानाची कड भिंगाखाली जिना दिसते. मोराची मान एका सफाईदार रेषेत काढली की ती पैठणी राहत नाही, कापडावर छापलेला मोर होतो. ० नंबरच्या कुंचल्यानं आडवे छोटे ठोके एकाखाली एक मारत जायचं, वळण त्यातूनच येतं.

दोन, जरी पदरात आडवी आहे. पदर खांद्यावरून खाली आला की ताणा उभा लोंबतो आणि जरीचा बाणा जमिनीला समांतर राहतो. समांतर धाग्यांवरची चमक धाग्याला काटकोनात ओढली जाते, म्हणजे लोंबत्या पदरावर ती उभी पट्टी होऊन पडते. बरेच जण जरीच्या रेषेत आडवी चमक देतात आणि पदर पत्र्यासारखा दिसतो. निऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथं साडीची लांबी कमरेभोवती जाते, ताणा आडवा होतो, बाणा उभा. त्यामुळे एकाच साडीची चमक खांद्यावर एका दिशेला आणि निऱ्यांवर दुसऱ्या दिशेला असते. बाई उभी राहिली की आधी चित्रातल्या अंगावर बाण्याच्या दिशेचे बारीक तीर पेन्सिलीनं काढून ठेवा.

तीन, धूपछाव, म्हणजे बघण्याच्या कोनाप्रमाणे बदलणारा रंग. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. ताणा हिरवा आणि बाणा लाल असेल तर दोन रंग पॅलेटवर मिसळायचा मोह होतो आणि हाती येतो तो चिखलाचा तपकिरी. कापडात हे रंग कधीच मिसळलेले नसतात, शेजारीशेजारी असतात. म्हणून आधी संपूर्ण भाग हिरव्या ॲक्रिलिकनं, छायाप्रकाशासकट, पूर्ण करायचा. तो सुकला की त्यावर अलिझरिन क्रिमसनचा पातळ तैलथर द्यायचा, एक भाग रंगाला तीन भाग माध्यम. मग घडीची जी बाजू आपल्यापासून वळते तिथला थर मऊ फडक्यानं टिपून घ्यायचा. हिरवा तिथं वर येतो. कोणत्या बाजूला कोणता रंग हे प्रत्यक्ष साडी हातात फिरवूनच ठरवा. ताणाबाणा बदलला की ते बदलतं.

जुनी साडी उसनी मिळाली तर चार पथ्यं पाळा. इस्त्री नको. अत्तर, पावडर अंगाला लागलेली नको. टाचणी रेशमात टोचायची नाही, घडी धरायला लाकडी चिमटे आणि मध्ये सुती फडकं. आणि जिथं घडीवर रेशीम चिरलंय ती चीर चित्रात ठेवा. जुन्या चांदीच्या जरीवर चढलेला काळपटपणाही ठेवा. नव्या जरीत तो करडा-सोनेरी रंग नसतो.

शनिवार : बीडमार्गे धारूरकडचे तांडे, संध्याकाळी तेर

दिवस लांबचा आहे. तांड्यावर ओळखीच्या माणसाबरोबरच जा. बैठकीचे पैसे आधी ठरवा आणि ते बाईच्याच हातात द्या. चित्र कुठे लावणार तेही सांगा. तरुण मुली आता रोज फेट्या-कांचळी (बंजारा घागरा आणि चोळी) घालत नाहीत. त्यांना मुद्दाम नटवून बसवण्यापेक्षा रोजच्या सलवार-कमीजवर आजीची कांचळी मांडीवर ठेवलेली, असं चित्र जास्त खरं उतरतं. मनगटावरचं घड्याळ, शेजारी उपडा ठेवलेला मोबाइल राहू द्या.

भरतकाम म्हणजे इथं आरसे, कवड्या, नाणी आणि ठिगळकाम. कापड जड, त्यामुळे त्याला बारीक चुण्या पडत नाहीत, रुंद आणि ताठ घड्या पडतात. आरसे रंगवताना सर्रास चूक होते ती प्रत्येकात पांढरा ठिपका देण्याची. प्रत्येक आरसा थोड्या वेगळ्या कोनात शिवलेला असतो. एका ओळीतल्या वीसपैकी एखाद-दुसऱ्यालाच उजेड थेट डोळ्यात फेकता येतो. बाकीचे जमीन, आभाळ, समोरची भिंत दाखवतात. बहुतेक आरसे करड्या-निळ्या आणि मातकट मधल्या छटेत रंगवा, काही तर शेजारच्या कापडाहून गडद. मग दोघांना शुद्ध पांढरा. कवडीला पांढरा नव्हे, यलो ऑकर मिसळलेला मऊ पांढरा लागतो, आणि तिच्या फटीतले दात चार-पाच रेघांत संपवायचे.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे. पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठणातून गोमेदाचे खडे आणि तगरातून, म्हणजे या तेरमधून, साधं कापड आणि तऱ्हतऱ्हेची मलमल भडोचला जात असल्याचं लिहिलंय. इथल्या सातवाहनकालीन स्त्रीमूर्तींत केशरचना आणि दागिने बघावेत. तासाभरात होतं.

रविवारपासून : मुक्कामावर

कॅनव्हास २४ × ३० इंच. चेहरा, माथ्यापासून हनुवटीपर्यंत, सात इंची काढायचा, म्हणजे प्रत्यक्षाच्या पाऊणपटीहून थोडा मोठा. त्याच हिशेबानं चार इंची काठ तीन इंची होतो. हे प्रमाण आधी लिहून ठेवलं नाही तर काठ हळूहळू रुंद होत जातो, कारण नक्षी काढायला मोठी जागा हवीशी वाटते.

पार्श्वभूमीला बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन पांढऱ्यात मिसळून मधला करडा द्या. पांढऱ्या कॅनव्हासवर जरीचा सगळ्यात उजळ ठिपका कधीच उजळ दिसत नाही. उजेड एकाच बाजूचा, उत्तरेची खिडकी किंवा ४५ अंशात एक दिवा. साडी आधी पुतळ्यावर नेसवून घ्या, घड्यांच्या जागा सुती आतल्या कापडावर खडूनं खुणावून ठेवा. बाईला प्रत्यक्ष बसवाल तेव्हा चेहरा, गळा आणि खांद्यावरचा पदर एवढंच करायचं. श्वासागणिक जरीची चमक हलते, म्हणून चमकेची जागा पहिल्या पाच मिनिटांत ठरवावी आणि नंतर बदलू नये.

त्वचा पूर्ण झाल्यावरच तिच्यावरची लेस घ्या. त्वचा किमान हाताला चिकटणार नाही इतकी सुकली पाहिजे. टायटॅनियम व्हाइटमध्ये त्वचेचाच थोडा रंग घालून, माध्यम न घालता, जवळजवळ कोरड्या कुंचल्यानं लेसचा सलग धूसर थर फिरवायचा. मग भोकांत त्वचेच्या सावलीचा रंग. शेवटी काठावरचे पाच-सहा धागे तेवढे उजळ. झिंक व्हाइटचा थर पारदर्शक लागतो म्हणून तो मोहवतो, पण तेलात तो काळाबरोबर ठिसूळ होतो.

जरीला बाजारातला सोनेरी रंग वापरू नका. तो सावलीतही तेवढाच चमकतो आणि चित्राचा उजेड मोडतो. गडद भागात रॉ अंबर, मधल्यात यलो ऑकर आणि व्हिरिडियनचा अंश, उजळ भागात लेमन यलो आणि पांढरा. उजळ भाग जरीच्या एकूण जागेच्या विसाव्या हिश्श्याहून जास्त होऊ देऊ नये. हनुवटीखाली जरीचं पिवळसर प्रतिबिंब पडतं, ते सावलीतल्या त्वचेत बर्न्ट सिएनानं द्या. ते नसलं की चेहरा एकीकडे आणि पदर दुसरीकडे राहतो.

पावसाळी हवेत कॅनव्हास सैल पडतो, तेव्हा फ्रेमच्या मागच्या पाचरी हलक्या हातानं ठोका. पांढऱ्याचा जाड थर सुकायला आठवडाभर घेतो, अलिझरिन त्याहून रेंगाळतं. दोन ओले कॅनव्हास एसटीतून न्यायचे झाले तर तोंडाला तोंड लावून, चारही कोपऱ्यांत अर्ध्या इंचाचे बुचाचे तुकडे ठेवून सुतळीनं बांधायचे. वार्निश पुढच्या फाल्गुनात.